चार बोटं उंचीचं हवामान

माँ ब्लाँच्या माथ्यावर जायची वाट जो शोधून काढेल त्याला आपण बक्षीस देऊ, असं ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या जिनिव्हाच्या पंडिताने १७६० साली जाहीर केलं होतं. आल्प्समधल्या त्या सर्वांत उंच शिखरावर माणूस पोचायला १७८६ साल उजाडलं. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १७८७ रोजी, सोस्यूर स्वतः वर गेला. सोबत एक नोकर, अठरा वाटाडे आणि त्यांच्या पाठीवर वायुभारमापक, तापमापक, पाणी उकळून बघण्याची सामग्री असा सगळा बाडबिस्तरा. विरळ हवेत धाप लागत असताना हा माणूस मोजमापं घेत होता. त्या चढाईच्या त्याच्या नोंदींत एका फुलझाडाचंही नाव आहे. शिखराच्या बरंच खाली, सुमारे ३,४७० मीटर उंचीवर, बर्फातून वर आलेल्या खडकांत त्याला सायलीन अकॉलिस दिसली होती. इतक्या उंचावरच्या फुलझाडाची, उंचीच्या आकड्यासह केलेली ही अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. सर्वांत उंचावर उगवणारं फूल कोणतं, ही शर्यत साधारण तिथून सुरू झाली आणि ती अजून संपलेली नाही.

सायलीन अकॉलिसला इंग्रजीत मॉस कॅम्पियन म्हणतात. फुलं नसताना ती पाहिली तर शेवाळाचा गोळा म्हणून आपण पुढे निघून जाऊ. वाकून पाहिलं की कळतं, हे शेकडो, कधी हजारो बारीक फांद्यांचं एकच झाड आहे. प्रत्येक फांदीच्या टोकाला सेंटिमीटरभर लांबीच्या अरुंद, टोकदार पानांचा झुबका. आणि सगळे झुबके एकमेकांना इतके चिकटलेले की मधे बोट घालायला जागा नाही. सगळ्या फांद्या एकाच उंचीला थांबतात, त्यामुळे वरचा पृष्ठभाग कातरल्यासारखा गोल, गुळगुळीत दिसतो. उंची चार बोटं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या हिरव्या घुमटावर सेंटिमीटरभर रुंदीची, पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं येतात, आणि ती इतकी येतात की खालची पानं दिसेनाशी होतात. फुलायची सुरुवात दक्षिणेच्या बाजूने होते, कारण उत्तर गोलार्धात ऊन त्या बाजूला जास्त मिळतं. उत्तरेकडची बाजू मागून फुलते. अशा घडणीच्या झाडांना वनस्पतिशास्त्रात उशी-वनस्पती म्हणतात.

कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे. मावळातल्या पॉलिहाउसमधून पुण्या-मुंबईच्या लग्नांत जाणारं कार्नेशन याच कुळातलं, आणि गुच्छात गुलाबांच्या मधली जागा भरायला फूलवाले वापरतात ती पांढरी जिप्सोफिलाही याच कुळातली. गुच्छातल्या या फुलांची भावंडं पृथ्वीच्या टोकांवर जाऊन बसली आहेत, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे. अंटार्क्टिकात मूळची म्हणावी अशा फुलणाऱ्या वनस्पती दोनच. एक गवत, आणि दुसरी कोलोबँथस ही या कुळातली छोटी उशी. रशियन शास्त्रज्ञांनी २०१२ साली सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून, खारींनी सुमारे ३२,००० वर्षांपूर्वी बिळात साठवलेल्या फळांतल्या पेशींपासून जिवंत रोपं वाढवून दाखवली. तीही सायलीनचीच एक जात होती.

सायलीन अकॉलिस उत्तर ध्रुवाभोवतीच्या बऱ्याच प्रदेशांत आहे. स्वालबार्ड, ग्रीनलंड, आइसलंड, स्कँडिनेव्हिया, अलास्का. आणि तिथून दक्षिणेला स्कॉटलंड, आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन, रॉकी पर्वत. ध्रुवाजवळ ती समुद्राच्या काठाशीही वाढते. दक्षिणेला यावं तसतशी डोंगरावर वर वर सरकते. हिमालयात ती नाही. तिथे ही कामगिरी तिच्या नातलगांकडे आहे, त्यांच्याकडे पुढे वळायचंच आहे.

अशा वनस्पतींविषयी लिहिताना लेखकांची लेखणी हमखास वीररसात शिरते. बिचारं इवलंसं रोप, थंडीशी झुंज देतं, वादळाला छातीवर घेतं, वगैरे. हे वर्णन मला पटत नाही. खरी गंमत अशी की हे झाड ज्या हवेत आपण कुडकुडत उभे असतो त्या हवेत राहतच नाही. आपल्या घोट्याच्याही खाली त्याने स्वतःचं वेगळं हवामान तयार केलेलं असतं, आणि ते राहतं त्या हवामानात.

हे नीट कळायला आधी मोठी झाडं वर का जात नाहीत ते पाहावं लागतं. समुद्रसपाटीपासून वर जावं तशी हवा दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी गार होत जाते. कुठल्याही उंच पर्वतावर एका रेषेपाशी जंगल थांबतं. आल्प्समध्ये ती रेषा साधारण दोन हजार मीटरांच्या आसपास आहे, हिमालयात चार हजारांच्या आसपास. बाझल विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ ख्रिस्तियान क्योर्नर यांनी जगभरातल्या अशा वृक्षरेषांवर मातीत तापमापक पुरून मोजणी करवली. उष्ण कटिबंध असो की ध्रुवाजवळचा प्रदेश, वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान सहा अंशांच्या जवळपास आलं की झाडं थांबतात, असं त्यातून दिसलं. उंचावर झाडाला अन्न तयार करता येत नाही म्हणून ते खुरटतं, अशी पूर्वी समजूत होती. पण शून्याच्या थोडं वरच्या तापमानातही पानं बऱ्यापैकी साखर बनवतात. अडतं ते बांधकाम. पाच अंशांच्या खाली पेशींचं विभाजन आणि नवं लाकूड बनणं जवळपास ठप्प होतं. म्हणजे सामान पडून आहे आणि काम बंद, अशी झाडाची स्थिती होते.

आणि झाडाला यातून सुटका नाही, कारण ते उंच आहे. उंच झाडाभोवती वारा खेळत असतो, त्यामुळे त्याचे शेंडे, कळ्या, फांद्या भोवतालच्या हवेइतक्याच गार राहतात. ऊन कितीही कडक असलं तरी वारा ती ऊब टिकू देत नाही. जमिनीलगत मात्र गोष्ट वेगळी होते. वारा कितीही जोराचा असला तरी पृष्ठभागाशी घासून त्याचा वेग कमी कमी होत जातो आणि अगदी तळाशी हवेचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. उंचावरचं ऊन प्रखर असतं, कारण मधे हवा कमी आणि धूळ कमी. त्या उन्हाने दगड तापतो, माती तापते, आणि ती ऊब या स्थिर थरात अडकून राहते. डोंगरमाथ्यावर कधी दमून आडवं झाला असाल तर हे अंगाने अनुभवलेलं असेल: उभं राहिल्यावर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढावी लागते, आणि पालथं पडलं की उबदार वाटतं.

सायलीन अकॉलिस या थरात नुसती राहत नाही, तो थर ती जाड करते. तिचा गोल, गुळगुळीत घुमट वाऱ्याला कुठे पकड देत नाही. वारा वरून घसरून जातो. दाट पानांच्या मधली हवा हलत नाही, त्यामुळे दिवसभर शोषलेली ऊब आत साठते. सूर्यप्रकाशात अशा उशीचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा ते वीस अंशांनी जास्त असू शकतं. बाहेर चार-पाच अंश, म्हणजे झाडाचं बांधकाम बंद पडावं अशी हवा. आणि त्याच वेळी उशीच्या आतल्या कळ्यांना मात्र पुण्यातल्या हिवाळ्याची दुपार. क्योर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी आल्प्सच्या उतारांची चित्रं घेतली तेव्हा एकाच उतारावर, काही पावलांच्या अंतरात, वेगवेगळ्या उंचीच्या पट्ट्यांमध्ये असावा इतका तापमानाचा फरक दिसला. हवामानखात्याचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, सावलीत टांगलेला असतो. त्याचा आकडा या झाडांना लागू करणं म्हणजे दुसऱ्याच गावचा अंदाज वाचून छत्री घ्यायची की नाही ते ठरवणं.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. वारा पडला, आभाळ निरभ्र असलं, आणि माती कोरडी असली तर ऊब कोंडणारी हीच रचना अंगावर येते. पर्वतावर थंडीने मरतील असं वाटणारी ही झाडं उन्हाने पोळू शकतात. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी सायलीन अकॉलिसचीच पानं घेऊन पाहिलं, तेव्हा असं दिसलं की पानं तापू लागली की त्यांची उष्णता सोसण्याची क्षमता एकाच दिवसात कित्येक अंशांनी वर जाते आणि गारवा आला की पुन्हा खाली येते. सकाळी दवाचा बर्फ, दुपारी भाजणारं ऊन, रात्री पुन्हा गोठण. हे एका चोवीस तासांत.

जमिनीच्या वर चार बोटं असलेल्या या झाडाचं मूळ खाली मीटरभर किंवा त्याहूनही खोल जातं. एकच जाड सोटमूळ, आणि वरचा सगळा घुमट त्यावर उभा. हे मूळ दोन कामं करतं. एक म्हणजे पाणी शोधणं. दुसरं, धरून ठेवणं. कारण डोंगरमाथ्यावरची माती रात्री गोठून फुगते, दुपारी वितळून बसते, आणि या रोजच्या हालचालीत उथळ मुळांची रोपं उपटून बाहेर फेकली जातात. घुमटाच्या आत काय आहे हे उशी उभी चिरल्यावरच दिसतं. वरचा हिरवा थर जेमतेम बोटभर. खाली सगळी जुनी, वाळलेली पानं. सायलीन आपली मेलेली पानं टाकत नाही. ती फांद्यांना तशीच चिकटून राहतात, कुजतात, वाऱ्याने आलेली धूळ त्यांच्यात अडकते, आणि त्यातून काळी, भुसभुशीत, ओल धरणारी माती तयार होते. दगडावर माती नाही, तर तिने ती आपल्या पोटात बनवली. त्या मातीत तिच्याच फांद्यांना बारीक मुळं फुटतात आणि गेल्या दशकातल्या पानांचं खत या दशकातल्या पानांना मिळतं.

आता या सगळ्याची किंमत. वाढ अतिशय सावकाश होते. बी रुजल्यावर पहिली काही वर्षं रोप रुपयाच्या नाण्याएवढंही होत नाही. सगळी कमाई मुळात जाते. पहिलं फूल यायला दहाएक वर्षं लागतात, घुमट फुलांनी भरायला वीस-पंचवीस. पण एकदा जम बसला की मरण दुर्मीळ. विल्यम मॉरिस आणि डॅनियल डोक या अमेरिकी अभ्यासकांनी अलास्काच्या रँगल पर्वतात वर्षानुवर्षं एकेका उशीला खूण करून तिची वाढ मोजली, आणि त्यावरून गणित मांडलं. सर्वांत मोठ्या उशांचं वय तीनशे वर्षांच्या पुढे जातं, असं त्यातून निघालं. म्हणजे आज अलास्कात फुलणारी एखादी उशी पहिल्या बाजीरावाच्या काळात रुजलेली असू शकते.

इथे आपल्या कास पठाराची आठवण मराठी वाचकाला होणारच. तिथेही कातळावर वितीच्या आतली फुलझाडं, तिथेही मूठभर माती, तिथेही थोडक्या दिवसांचा हंगाम. पण दोन्हीकडच्या लहानपणाची जात वेगळी आहे. सड्यावरची बरीचशी इवली फुलझाडं, म्हणजे सीतेची आसवं, गेंद वगैरे, जूनमध्ये उगवतात आणि पावसाळा सरता सरता बी टाकून मरतात. वर्षभराचा संसार. अतिउंचावर असं वर्षायू झाड फार क्वचित सापडतं, कारण तिथल्या उन्हाळ्यात रुजणं, वाढणं, फुलणं आणि बी पिकवणं हे एका दमात उरकत नाही. म्हणून तिथली झाडं काम वाटून घेतात. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या या वर्षीच्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवायच्या, हिवाळा त्यांच्यासकट काढायचा, आणि बर्फ हटलं की फुलायचं, अशी बऱ्याच पर्वतीय वनस्पतींची रीत आहे.

फुलांमध्ये आणखी एक भानगड आहे. सायलीन अकॉलिसची सगळी झाडं सारखी नसतात. काहींच्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. काही झाडं निव्वळ मादी, त्यांच्या फुलांत पराग बनतच नाहीत. बाहेरून पाहता मादी झाडाचा यात तोटाच आहे, कारण आपले पराग दुसरीकडे पाठवून वंश वाढवण्याचा मार्ग तिला बंद. पण परागांवरचा खर्च वाचवून ती फळं जास्त धरते. काही ठिकाणी द्विलिंगी झाडांच्या कितीतरी पट. आणि स्वतःच्याच परागाने फळ धरण्याची शक्यता नसल्याने तिचं बी बाहेरच्या रक्ताचं असतं. परागांची ने-आण करतात ते गुबगुबीत भुंगे, माश्या, फुलपाखरं. याच वाटेवर एक बुरशीही बसलेली आहे. मायक्रोबोट्रियम नावाची ही बुरशी झाडात शिरली की फुलात परागांऐवजी बुरशीचे काळपट जांभळे बीजाणू भरते. भुंगा येतो, पराग समजून ते अंगाला माखून घेतो आणि पुढच्या फुलावर नेऊन सोडतो. एवढंच नाही, मादी झाडाला ही बुरशी लागली तर ती त्या फुलांत परागकोशही उगवायला लावते, कारण बीजाणू ठेवायला तिला जागा हवी असते. तीन हजार मीटरांवर इतका बारीक कावा चालू असतो.

उशीत ऊब आहे, ओल आहे, माती आहे. मग दुसरी रोपं गप्प कशी बसतील? उघड्या दगडावर ज्यांचं बी रुजणं अशक्य त्या वनस्पती उशीच्या अंगात रुजतात. गवत, छोटी डेझीसारखी फुलं, कधी एखादं बुटकं विलो. किडे, कोळीही उशीत जास्त सापडतात. पाच खंडांतल्या ७७ ठिकाणच्या उशी-वनस्पतींचा एकत्रित अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. जिथे परिस्थिती जास्त कठीण, तिथे उशांमुळे टिकून राहिलेल्या वनस्पतींची विविधता जास्त, असा त्याचा सांगावा होता. वाचायला हे फार छान वाटतं आणि निसर्गातल्या परोपकाराचे दाखले देणाऱ्यांना ते आवडतंही. पण त्याच गटातल्या अभ्यासकांनी पुढे घरमालकाचा हिशेबही तपासला. उशीत पाहुणे जितके जास्त, तितकी उशीला फुलं आणि बी कमी. पागडीच्या भाडेकरूंसारखी ही मंडळी एकदा आत शिरली की भाडं नाममात्र आणि हलायचं नाव नाही.

सगळ्याच उशा असा थारा देत नाहीत. लडाखमध्ये आणि तिबेटात थायलाकोस्पर्मम सेस्पिटोसम नावाची उशी आहे. तीही कार्नेशनच्याच कुळातली. लांबून ती हिरवी झाक असलेल्या धोंड्यासारखी दिसते, आणि हात लावल्यावरही धोंडाच वाटते. प्रौढ माणूस तिच्यावर उभा राहिला तरी दबत नाही इतकी ती टणक असते. चेक वनस्पतिशास्त्रज्ञांचा एक गट गेली अनेक वर्षं लडाखात काम करतो आहे. त्यांनी या उशांच्या आत आणि बाहेर उगवलेल्या रोपांची मोजदाद केली. उशीचा कोणालाही फायदा होत नाही, उलट बाहेरच्या उघड्या जमिनीवरच इतर वनस्पती बऱ्या वाढतात, असा निकाल २०११ साली त्यांनी मांडला. लडाखात अडचण थंडीची आहे तशीच पाण्याची आहे, आणि ही उशी इतकी घट्ट की तिच्यात बी शिरायलाच फट नाही. आल्प्समध्ये जमलेला नियम हिमालयात जसाच्या तसा चालत नाही. एका पर्वताच्या पुस्तकातून दुसरा पर्वत वाचू नये, हे अभ्यासकांनाही असं पुन्हा पुन्हा शिकावं लागतं.

आता उंचीच्या शर्यतीकडे. सोस्यूरच्या ३,४७० मीटरांवरून आकडे झपाट्याने वर गेले ते हिमालयात. १९२१ साली एव्हरेस्टच्या पहिल्या टेहळणी मोहिमेत अलेक्झांडर वॉलस्टन हे डॉक्टर आणि निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांना तिबेटच्या बाजूला ६,१८० मीटरांवर अ‍ॅरेनेरिया ब्रायोफिला मिळाली. पांढऱ्या फुलांची ही चिमुकली उशीही कार्नेशनच्याच कुळातली. १९५५ साली कामेत शिखराच्या मोहिमेत मेजर नरेंद्र धर जयाल यांना ६,४०० मीटरांवर दोन फुलझाडं सापडली: मोहरीच्या कुळातली अर्मानिया हिमालयेन्सिस आणि बटरकपच्या कुळातली रॅननक्युलस लोबॅटस. जयाल हे दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य. एव्हरेस्टवीर तेनसिंगचं नाव घरोघरी पोचलं, जयालांचं गिर्यारोहकांच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही. पण गिनीजच्या पुस्तकात वर्षानुवर्षं त्यांची ही नोंद छापली जात होती. ते १९५८ साली चो ओयूच्या मोहिमेत वारले.

मग २०१८ साली सेद्रिक दांताँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने जुन्या संग्रहांतले वाळवलेले नमुने धुंडाळले, आणि १९३५ साली एरिक शिप्टन यांनी एव्हरेस्टच्या परिसरात ६,४०० मीटरांवर गोळा केलेली सॉसुरिया नाफालोडिस पुढे आली. लोकरीत गुंडाळल्यासारखं दिसणारं, बोटभर उंचीचं हे फुलझाड ऐंशी वर्षं कपाटात पडून होतं. सॉसुरिया ही प्रजाती म्हणजे हिमालयातल्या खऱ्या ब्रह्मकमळाची प्रजाती. आपल्याकडे कुंडीत लावतात, मध्यरात्री फुलतं आणि शेजारच्यांना बोलावून दाखवतात ते ब्रह्मकमळ म्हणजे अमेरिकेतून आलेलं निवडुंग. त्याचा हिमालयाशी संबंध नाही. आणि सॉसुरिया हे नाव ठेवलं गेलं आहे सोस्यूर बापलेकांच्या सन्मानार्थ.

आल्प्समध्ये हा मान आता सायलीनकडे नाही. स्वित्झर्लंडमधल्या डोम शिखरावर, माथ्याच्या जरा खाली, ४,५०५ मीटरांवर जांभळी सॅक्सिफ्रेज फुलते. क्योर्नर यांनी तिच्या मुळांशी तापमापक ठेवला. वर्षात जेमतेम दोन महिने तिथली माती गोठणबिंदूच्या वर असते, त्या काळातलं सरासरी तापमान तीन अंशांनाही पोचत नाही, आणि भर उन्हाळ्यातही रात्री गोठतात. फुलझाड उगवतं अशी मोजलेली ही जगातली सर्वांत थंड जागा. लडाखमध्ये ६,१५० मीटरांवर चेक संशोधकांना सहा जातींच्या वनस्पती एकत्र सापडल्या, त्यांत लेओश क्लिमेश या चेक वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव दिलेली लडाकिएला क्लिमेसी आहे. उंची डोमपेक्षा दीड हजार मीटरांहून जास्त, पण लडाख दक्षिणेला आहे आणि कोरडा आहे. बर्फ कमी पडतं, जमीन उघडी राहते, उन्हाने तापते. उंचीचा आकडा एकटा फार काही सांगत नाही, तो असा.

हवा तापते आहे, तर थंडीतल्या या झाडांचं भलंच होईल असं वरवर वाटतं. काही काळ तसं दिसतंही. मॉरिस आणि डोक यांनी सायलीन अकॉलिसची उत्तर अमेरिकेतली झाडं अलास्कापासून दक्षिणेच्या रॉकी पर्वतापर्यंत तपासली. २०१० सालच्या त्यांच्या निष्कर्षानुसार दक्षिणेकडच्या उबदार टोकाला रोपं जास्त मरतात आणि नवी कमी रुजतात, पण जी जगतात ती भराभर वाढतात. त्यामुळे जमाखर्च कसाबसा जुळतो आणि संख्या टिकून असल्यासारखी दिसते. मात्र ऊब एका मर्यादेपलीकडे गेली की वाढीचा हा फायदाही संपतो, आणि मग घसरण एकदम सुरू होईल, असा त्यांचा इशारा आहे. ज्या झाडाचं आयुष्य तीनशे वर्षांचं, त्याच्या संख्येत घट दिसेपर्यंत उशीर झालेला असणार.

दुसरं संकट खालून चढतं आहे. युरोपातल्या ३०२ शिखरांवरच्या जुन्या आणि नव्या नोंदी ताडून पाहिल्यावर २०१८ साली असं दिसलं की २००७ ते २०१६ या दशकात माथ्यांवर नव्याने पोचलेल्या वनस्पतींची संख्या पन्नास वर्षांपूर्वीच्या दशकाच्या पाचपट होती. शिखरावर जाती वाढल्या म्हणून आनंद मानायचा, तर येणारे पाहुणे उंच आहेत, भराभर वाढणारे आहेत. उशीला सावली चालत नाही. सावली पडली की ऊन नाही, ऊन नाही की ऊब नाही, आणि तिचं सगळं बांधकाम त्या उबेवर उभं आहे. खालच्या वनस्पतींना वर सरकायला जागा आहे. माथ्यावरच्या उशीला वर जायला डोंगरच उरलेला नाही.

ही संकटं आपल्या एकट्याच्या हातातली नाहीत. एक गोष्ट मात्र आहे. दर वर्षी महाराष्ट्रातून हजारो लोक लडाखला, फुलांच्या दरीला, उत्तराखंडच्या आणि हिमाचलच्या ट्रेकना जातात. उत्तराखंडात बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा तंबू टाकायला २०१८ साली उच्च न्यायालयाने बंदी घातली. गाइडने ती मोडायची तयारी दाखवली तरी तुम्ही नाही म्हणा. खिंडीजवळ, वाट सोडून फोटोसाठी बाजूला जाताना, दगडांच्या मधे हिरवा फुगीर गोळा दिसला तर त्यावर पाय देऊ नका, सॅक टेकवू नका, तंबूची खुंटी ठोकू नका. एका बुटाने फाटलेल्या उशीत वारा शिरतो, आतली माती उडून जाते, आणि ती जखम भरून यायला तुमचं-आमचं उरलेलं आयुष्य पुरणार नाही. फोटो काढायचाच असेल तर शेजारच्या दगडावर पोट टेकून काढा. फूल तिथूनच नीट दिसतं.